नाशिकचा गोदाकाठ आणि साहित्यिक खुणा, गाईड न घेता एका सकाळी पायी पाहता येतील का?

नक्की येतील. सगळं मिळून साधारण 4 किलोमीटर चालणं होतं. मी नाशिकचाच. पाहुणे आले की त्यांना याच वाटेने नेतो.

सकाळी साडेसहाला गंगेवर या. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्यामुळे रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगा. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीसमोर जरा थांबा. नाशिककर पूर याच मारुतीवर मोजतात : पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला लागलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो पूर्ण बुडाला होता. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ कवितेत गंगामाई घरात पाहुणी येऊन जाते, ती शाळेत तोंडपाठ झालेली असते. पण या मूर्तीशेजारी उभं राहून मान वर केली की ती पाहुणी केवढी असेल ते कळतं. माझ्या मते फेरीची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

तिथून चढ चढून काळाराम मंदिर. काळ्या दगडाचं देखणं काम आहे, पण माझे पाय दारातच थबकतात. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. त्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगाही सामील झाला होता, विष्णु वामन शिरवाडकर. म्हणजेच पुढचे कुसुमाग्रज.

पुन्हा उतरून नारोशंकराच्या देवळाशी या. तिथली मोठी घंटा पोर्तुगीज आहे, 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. मग रामसेतू पुलावरून पलीकडे भांडी बाजारात. इथे घाई करू नका. तांब्याचा हंडा घेताना बाया आधी त्याच्या काठावर बोटाने टिचकी मारतात आणि नाद ऐकतात. इथल्या एका दुकानदाराने मला सांगितलं होतं, “मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतो.” नदी दिसत नसली तरी या गल्ल्या तिच्यावर नजर ठेवून असतात.

सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा बाहेरून पाहिला तरी चालेल. तिथून टिळक पथावर सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आमचं ‘सावाना’. स्थापना 1840 ची! माझं अर्धं लहानपण तिथे गेलंय. वाचनालयाला सुट्टी नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.

शेवटी टिळकवाडी. वीसेक मिनिटांचा रस्ता रहदारीचा आहे, ऊन वाढलं असेल तर रिक्षा करा. इथे कुसुमाग्रजांचं घर आहे. 27 फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिनी येणं जमलं तर फारच छान.

एक मात्र पाळा. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल तर काठावर उतरू नका आणि रामसेतूवरही जाऊ नका. त्या दिवशी फक्त गावातला भाग करा, काठासाठी पुन्हा या.