वाचकांचे प्रश्न : कापड उलटून पाहा

प्रश्न : मी वस्त्ररचनेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. घरी यंत्रमाग असल्यामुळे वीण डोळ्यांच्या सवयीची आहे. परंतु यंदा ‘पृष्ठभागावरील अलंकरण’ हा विषय सुरू झाला आणि दोन ठिकाणी अडले. पैठणीच्या पदरावरचा मोर या विषयात धरावा का? आणि माझे भरतकामाचे नमुने चौकटीवरून उतरवून धुतले की त्यांना चुण्या का पडतात?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : पैठणीचा मोर या विषयात येत नाही. तो रंगागणिक वेगळी कांडी (धागा गुंडाळलेली नळी) घेऊन आडव्या धाग्यांनी, कापडाबरोबरच विणला जातो. तो उसवायला घेतला तर त्या जागी उभे धागे तेवढे उरतील. हिमरू या नक्षीदार विणीच्या कापडात नक्षीसाठी जादा आडवा धागा घालतात, आणि कापड उलटले की तो मागे मोकळा पडलेला दिसतो. तरीही नक्षी मागावरच उतरलेली असल्याने तेही विणकामच. कापड मागावरून उतरल्यानंतर त्यावर जे केले जाते, मग ती छपाई असो, कशिदा असो वा टिकल्यांचे काम, ते आपल्या अभ्यासक्रमातले अलंकरण.

चुण्यांचे कारण बहुतेकदा टाक्याआधीच घडून गेलेले असते. कोऱ्या सुती कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. भरतकामाचा पॉलिस्टरचा दोरा आटत नाही, त्यामुळे टाक्यांभोवतीचे कापड गोळा होते. मागावरून उतरलेले कापड थेट चौकटीवर ताणण्याचा मोह घरी माग असलेल्यांना अधिक होत असावा! कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे आणि ताणताना उभे-आडवे धागे काटकोनात राहतील असे पाहावे, कारण तिरके ताणलेले कापड चौकटीवरून सुटताच आपल्या जागी परतते आणि नक्षी वाकडी होते. याउपरही चुण्या राहिल्या, तर दोरा ओढण्यात हात जड आहे असे समजावे. जॉर्जेटसारख्या झिरझिरीत कापडावर मणी भरायचे असतील तर खाली अस्तर द्यावे.

मात्र केवळ चुण्या घालवण्यापुरता हा अभ्यास करू नये. आपल्यापासून फार दूर नसलेल्या धारवाड भागातल्या कसुती या भरतकामापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. इरकल साडीवर होणाऱ्या या कामात कापडावर आधी रेखाटन नसते, धागे मोजून टाके घालतात आणि दोऱ्याला गाठ मारत नाहीत. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. त्यांपैकी गवंतीत सुई जाताना एक घर, म्हणजे ठरावीक धाग्यांचे अंतर, भरते, एक सोडते आणि परतताना सोडलेली घरे भरत येते. म्हणून रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. तुळशीवृंदावनाची साधी बाह्यरेषा मॅटीवर, म्हणजे धागे सहज मोजता येतील अशा जाडसर विणीच्या कापडावर, काढून पाहावी. एखाद्या कोपऱ्यावर चाराऐवजी पाच धागे मोजले गेले तर जाताना काहीच कळत नाही; परतताना सुई त्या कोपऱ्याशी येते आणि रेघ जुळत नाही. मग तिथपर्यंत उसवण्यावाचून इलाज नाही. परतीची वाट कुठून, हे पहिल्या टाक्याआधीच ठरवण्याची सवय या एका नमुन्याने लागते.

त्यानंतर आरीचे भरतकाम घ्यावे. त्यात दोरा कापडाखाली राहतो आणि आकडीची सुई वरून खाली जाऊन त्याचा फास वर ओढते, तोच पुढच्या फासात अडकतो आणि साखळी तयार होते. शेवटचा फास पक्का केला नाही, तर ते टोक ओढताच सगळी ओळ सरसर सुटून येते. माझी वीतभर वेल अशीच, गुण देण्यासाठी शिक्षिकेने नमुना हातात घेतला असताना, सुटली होती. लखनौच्या चिकनकारीतला सावलीसारखा दिसणारा बखिया हा टाकाही मागूनच समजतो, कारण त्यात दोऱ्याचा मुख्य भराव उलट्या बाजूला असतो.

नमुनावहीत आपण तुकडे चारही कडांनी चिकटवत असाल, तर यापुढे वरच्या एकाच कडेने लावावेत. तपासणाऱ्याला ते उलटून पाहता येतील आणि परीक्षेआधी आपल्यालाही.