यूपीआयमुळे लोकांचा खर्च खरंच वाढला का, की ही नुसती ओरड आहे?

हा प्रश्न बहुतेक जण गिऱ्हाईक म्हणून विचारतात. मी गल्ल्यावर बसणारा माणूस आहे. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत वडिलांच्या वेळेपासूनचं किराणा दुकान आहे, तेव्हा तिथून जे दिसलं ते सांगतो.

तेल, तांदूळ, डाळ यांचा खर्च फोनमुळे वाढलेला मला दिसला नाही. घरात माणसं तेवढीच, पगार तेवढाच. वाढला तो पाच, दहा, वीस रुपयांचा खर्च. आणि त्याचं मूळ फोनपेक्षा जास्त सुट्या पैशांत आहे.

आमच्या धंद्यात किंमत कंपनी छापते, पण ती नाण्याला विचारून. शाम्पूची पुडी १ किंवा २ रुपयांना, बिस्किटचा पुडा ५ ला, वेफर्स १० ला. गहू महागला, साखर महागली, तरी ५ चा पुडा ५ लाच. आतलं वजन मात्र घटत गेलं. कारण ७ रुपयांचा पुडा काढला तर वरचे ३ रुपये परत द्यायला दुकानदाराकडे नसतात, हे कंपनीला पक्कं ठाऊक. आम्ही मग चॉकलेट टेकवायचो. गिऱ्हाइकाला ती सुट्यांची अडचण वाटायची, पण खरं तर आमची ती हक्काची विक्री होती. आता ती बरणी मी गल्ल्याजवळून उचलून मागच्या फळीवर ठेवलीय.

सप्टेंबर २०२५ मध्ये गंमतच झाली. बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ५ चा पुडा काही दिवस साडेचारच्या आसपास गेला. फोनवाल्यानं तेवढेच पाठवले. रोखीवाल्याला आठ आणे कुठून द्यायचे? नाणं बंद झालेलं नाही, पण घेतंय कोण! पुढं कंपन्यांनी वजन वाढवून किंमत परत ५ वर आणली.

आता खर्च वाढतो तो कसा, ते बघा. पूर्वी आई पोराच्या हातात ५० ची नोट द्यायची. सहा अंडी, एक दुधाची पिशवी, उरलेले परत आण. घरी गेल्यावर ती ते मोजून घ्यायची. म्हणजे नोट हीच मर्यादा होती. आता पोरगं मोकळ्या हातानं येतं. अंडी घेतं, दूध घेतं, मग डोळा वर टांगलेल्या कुरकुऱ्यांच्या माळेवर. "काका, मम्मीला फोन लावा, किती झाले सांगा." मी आकडा सांगतो, पलीकडून कुकरच्या शिट्टीत आवाज येतो, "पाठवते हां!" आणि पेटी बोलते, इतके रुपये प्राप्त झाले. कशाचे, ते तिनं विचारलेलं नसतं. मी आपणहून सांगत नाही, हेही कबूल करतो.

आमच्याकडे हे २०१६ ला आलं नाही. त्या ऑगस्टमध्ये यूपीआयची ॲपं आली, नोव्हेंबरात नोटबंदी झाली. पण आमच्या वस्तीत तेव्हा फोन नाही, वही फुगली. मालकाकडे आठवड्याचा पगार वाटायला रोकड नव्हती, मग कामगार आणणार कुठून? लिहा मांडून. क्यूआर कोड भिंतीला चिकटला तो लॉकडाऊनमध्ये, लोक नोटेला हात लावायला घाबरायला लागले तेव्हा. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही, म्हणून आम्हीही नको म्हटलं नाही. बोलणाऱ्या पेटीचं भाडं तेवढं जातं.

उधारी मात्र संपली नाही. "नेट नाही वो, संध्याकाळी पाठवतो" ही तिचीच धाकटी बहीण.

सवय बदलली ती माझीही. रात्री शटर अर्धं ओढून नाण्यांच्या चळती लावायचो, दिवस कसा गेला ते बोटांना कळायचं. ते गेलं. एका ॲपनं खात्यातली उलाढाल बघून दारात कर्ज आणून ठेवलं, रोज थोडं कापून घेऊ म्हणाले. घेतलं. रोजची कपात इतकी लहान की टोचलीच नाही. सहा महिन्यांनी व्याजाचा हिशेब मांडला तेव्हा टोचली. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बेंगळुरूत लोकांनी 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. आमच्या पेठेतही दोन-चार जणांनी क्यूआर कोड काढून ठेवले. आठवड्यात परत लावले, कारण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागलं.

तुमच्या बाबतीत ओरड आहे की खरं, हे मी सांगू शकत नाही, तुमचं स्टेटमेंट सांगेल. एका महिन्याचं काढा आणि ५० रुपयांच्या खालच्या नोंदी पेन्सिलनं खुणावत जा. मी माझ्या खुणावल्या. ४३ निघाल्या, बेरीज अकराशेच्या वर. बहुतेक चहाच्या, एक चप्पल शिवल्याची, दोन पार्किंगच्या. सहा नोंदी कशाच्या ते मला अजून आठवत नाही.