बी.एफ.ए.ला (ललितकलेच्या पदवीला) पेंटिंग घेऊ की अप्लाइड आर्ट? पुढे नोकरी कशात मिळेल?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू सांगलीची, यंदा बारावी झालीस, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षेत ए ग्रेड आहे, कला महाविद्यालयांच्या प्रवेशाची एएसी सीईटी दिली आहेस. रविवारी हरिपूरच्या संगमावर बसून माणसांची स्केचेस करतेस आणि मन पेंटिंगकडे ओढ घेतंय. बाबा म्हणतात अप्लाइड आर्ट घे, निदान नोकरी तरी लागेल. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणतात, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून मोकळी हो. आणि तू विचारतेस की कुठली शाखा घेतली तर पोटापाण्याची काळजी राहणार नाही. तुला अगं-तुगं करते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

मी अप्लाइड आर्टची, म्हणजे जाहिरात आणि डिझाइनसाठीच्या उपयोजित कलेची. आधी जाहिरात क्षेत्रात नोकरी केली, आता पुण्यात एका छोट्या डिझाइन स्टुडिओत आहे. नव्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचे संच, बघून कुणाला घ्यायचं ते ठरवणं, हे माझ्या कामातलं एक काम. त्यामुळे तुझ्या प्रश्नाकडे मी टेबलाच्या त्या बाजूने बघते.

मुलाखतीला आलेल्या मुलाच्या डिग्रीवर कुठली शाखा लिहिली आहे हे मी सगळ्यात शेवटी बघते. पुष्कळदा विचारायचं राहूनही जातं. समोर असतं ते काम. तरीही शाखेचा निर्णय फार मोठा आहे, कारण पुढची चार वर्षं तुझे हात रोज कशावर चालणार हे त्यावरून ठरतं, आणि हात ज्यावर चालले तेच शेवटी पोर्टफोलिओत उतरतं. म्हणून नोकरी कशात हे विचारण्याच्या आधी त्या शाखेत दिवसभर करतात काय, आणि ते सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजतासुद्धा तुला मनापासून करवेल का, हे बघ.

अप्लाइड आर्टमध्ये सुरुवातीला अक्षरं काढून घेतात. पट्टी-पेन्सिलने आखलेली देवनागरी आणि रोमन अक्षरं, पोस्टर कलरने भरायची, कडा एका रेषेत हव्यात आणि रंगाला पॅच दिसता कामा नये. अक्षराइतकंच अक्षरांमधल्या मोकळ्या जागेकडे लक्ष द्यायला शिकवतात. मग लेआउट, पोस्टर, पॅकेजिंग, पुस्तकाचं मुखपृष्ठ, शेवटी एका विषयावरची संपूर्ण कॅम्पेन, म्हणजे जाहिरातमोहीम. पुढच्या वर्षांत ऐच्छिक विषय असतात, टायपोग्राफी, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी, एक्झिबिशन-डिस्प्ले, कॉम्प्युटर ग्राफिक्स असे, आणि नोकरीच्या बाबतीत हा ऐच्छिक विषय कधीकधी शाखेपेक्षाही जड ठरतो. इथे चित्र सुंदर झालं का, याच्याआधी सांगायचं ते पोचलं का, हे विचारलं जातं. नोकरीतही तेच. दुसऱ्याने दिलेला विषय, दुसऱ्याची मुदत, आणि क्लायंटने सांगितलेले बदल पुन्हा पुन्हा. मला यात मजा येते. कुणाला घुसमट होते, आणि त्यात काही वावगं नाही.

पेंटिंगमध्ये स्टिल लाइफ, हेड स्टडी, फुल फिगर, निसर्गचित्र, कॉम्पोझिशन (चित्राची मांडणी), प्रिंटमेकिंग (ठशावरून छापायची चित्रं). एका मॉडेलसमोर तासन् तास बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं यातून नोकरीचं काय शिकणार? माझा अनुभव सांगते. आमच्या स्टुडिओत आलेल्या पोर्टफोलिओंपैकी माझ्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला पेंटिंगच्या एका मुलाचा आहे. त्यात एकही लोगो नव्हता. एकाच वाड्याच्या चौकाची चित्रं होती, सकाळची, ऐन दुपारची, पावसाळी संध्याकाळची. दुपारच्या चित्रात त्याने सावली काळी केली नव्हती, निळसर जांभळी ठेवली होती. आणि तापलेल्या फरशीवरून वर उडालेला उजेड ओसरीच्या तुळईच्या खालच्या अंगाला लागलेला दाखवला होता. तुळईची खालची बाजू दुपारी उजळते हे तिथे बसून बघितल्याशिवाय कुणाला सुचत नाही. लहान मुलांच्या एका ॲनिमेशन मालिकेची पार्श्वभूमी रंगवायचं काम तेव्हा आमच्याकडे होतं, ते त्याला दिलं. सॉफ्टवेअर तो काम करता करता शिकला. उजेड असा बघायला मात्र कामावर कुणी शिकवत नाही, तेवढा वेळच नसतो.

शिल्पकलेबद्दल तू विचारलं नाहीस, पण यादीत ती शाखा दिसेल आणि घरचे तिला सरळ काट मारतील, म्हणून सांगते. आर्मेचर, म्हणजे मूर्तीचा आतला सांगाडा, बांधणं, मातीत काम, साचा, प्लास्टर, फायबर कास्टिंग, असं अंगमेहनतीचं शिक्षण आहे. सिनेमाच्या सेटवर मोल्डिंगचं काम, स्मारकांचे पुतळे, गणेशमूर्तींचे मूळ नमुने हे तर आहेच, पण गेम आणि व्हीएफएक्समधलं (सिनेमातल्या संगणकी दृश्यांमधलं) थ्रीडी मॉडेलिंग हेही मुळात शिल्पकाराचंच काम आहे. गाड्यांच्या कंपन्यांच्या डिझाइन विभागात नव्या गाडीचं मातीचं मॉडेल हाताने घासून तयार करणारे क्ले मॉडेलर लागतात, आणि आपल्या पुण्यात गाड्यांचा धंदा मोठा आहे.

टेक्स्टाइलकडे तर आपली मुलं ढुंकूनही बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. तुझ्या घरापासून इचलकरंजी किती लांब आहे? तिथल्या मागांवर कापड विणलं जातं, पण त्या कापडावर काय असावं हे कुणीतरी काढावं लागतं. त्यात रिपीट नावाची गोष्ट आहे. तू काढलेली नक्षी चारी कडांना स्वतःलाच जुळली पाहिजे. जुळणीत जरा कमी-जास्त झालं की कागदावर काही कळत नाही, पण कापडाचा ठाण उलगडला की त्या चुकीचा आडवा पट्टा लांबवर दिसत राहतो. ज्याला हे गणित आणि रंग दोन्ही जमतात, त्याला मुंबई-सुरतेकडे काम मिळतं. स्पर्धा अप्लाइडपेक्षा पुष्कळ कमी आहे.

आणि चित्रकार म्हणजे फक्त चित्रं विकून जगणारा, ही कल्पना बाबांच्या डोक्यातून काढायची असेल तर त्यांना प्रभाकर बरवे यांचं सांग. आधुनिक मराठी चित्रकारांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतात. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर 1961 पासून ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी वाराणसीला, नंतर मुंबईला, तब्बल दोन दशकं. हातमागाच्या कापडांसाठी डिझाइन करायचं ते काम, आणि त्याच काळात त्यांची स्वतःची चित्रं घडत होती. राम सुतार यांचंही तसंच. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा मुलगा, जे.जे.त शिल्पकला शिकला, पन्नासच्या दशकात पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम केलं, मग दिल्लीत सरकारी नोकरी केली, आणि ती सोडून पूर्णवेळ शिल्पकार झाले. सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा त्यांच्याच आराखड्याचा. अप्लाइडच्या बाजूने र. कृ. जोशी घे. जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीत डिझाइनचे प्राध्यापक, आणि संगणकावर देवनागरी वाचताना वर्षानुवर्षं आपल्या डोळ्यांसमोर असलेला मंगल हा फॉन्ट त्यांनी केलेला. मुळात अक्षरावरचं प्रेम एकच, त्याला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी गिऱ्हाइकं मिळत गेली.

बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे, हे मात्र मान्य कर. 1935 साली जे.जे.त कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला तोच मुळी छपाई आणि जाहिरातीला माणसं हवी होती म्हणून. पदवी हातात पडल्यावर पहिल्या वर्षी महिन्याच्या महिन्याला पगार सुरू होण्याची शक्यता अप्लाइडवाल्याला आजही जास्त आहे. त्याला ज्युनिअर डिझायनर किंवा व्हिज्युअलायझर (जाहिरातीची कल्पना चित्रात मांडणारा) म्हणून थेट अर्ज करता येतो. पेंटिंगवाल्याला आपलं काम कुठे बसतं ते आधी शोधावं लागतं, मग त्या दिशेने पोर्टफोलिओ वळवावा लागतो, आणि यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. त्या काळात घरातून आधार मिळणार आहे का, हे आत्ताच बाबांशी स्पष्ट बोलून घे.

एआयचा विषय तू काढला नाहीस, पण मी टाळणार नाही. एकच जाहिरात वीस मापांत बसवून देणं, क्लायंटला दाखवण्यापुरतं एखादं दृश्य पटकन उभं करणं, असली कामं पूर्वी नवीन मुलांकडे यायची आणि ती करतच मुलं तयार व्हायची. आता त्यातलं बरंच सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे ज्याला फक्त सॉफ्टवेअर चालवता येतं अशा अप्लाइडवाल्याची पंचाईत झाली आहे. याउलट ज्याला माणूस बघून काढता येतो, कोपर कुठे चुकलं हे सांगता येतं, तो अजून हवा आहे. मशीनने दिलेल्या चित्रात आपली जोडाक्षरं अजूनही बऱ्याचदा तुटतात, क्षचं भलतंच काहीतरी होतं, म्हणून देवनागरी लेटरिंग हाताने नीट करणाराही हवा आहे. तेव्हा शाखा कुठलीही घे, ड्रॉइंग पक्कं कर. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता सरांच्या सल्ल्याबद्दल. शाखेचं आणि पदवीचं नाव कागदावर काटेकोर बघतात अशी जागा म्हणजे शिक्षण खातं. शाळेत कलाशिक्षक व्हायचं तर एटीडी लागते. कॉलेजात शिकवायचं तर एम.एफ.ए. आणि व्हिज्युअल आर्ट विषयातली नेट परीक्षा. सर त्यांच्या काळच्या अनुभवाने बोलतात, तेव्हा एटीडी झाली की अनुदानित शाळेत चिकटता यायचं. आज ती भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि विनाअनुदानित शाळांतला पगार तू स्वतः चौकशी करून बघ. तुला मुलांना शिकवायची आवड असेल तर जरूर कर. केवळ सुरक्षित म्हणून करू नकोस, कारण ती सुरक्षितता आता तिथे राहिलेली नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा फीचा, आणि या प्रश्नांची उत्तरं देताना लोक नेमका तोच गाळतात. मुंबई, नागपूर, संभाजीनगर इथल्या शासकीय महाविद्यालयांत फी परवडण्यासारखी असते. अशा ठिकाणी पेंटिंग मिळत असेल तर तुझ्या बाबतीत मी डोळे झाकून पेंटिंग म्हणेन. तू लिहिलं आहेस की शाळेच्या गॅदरिंगला फलक रंगवायचं काम आलं की कंटाळा येतो आणि संगमावर चार तास कसे जातात कळत नाही. अप्लाइडची पहिली दोन वर्षं त्या फलकाच्याच कामाची आहेत. पेंटिंग घेतलंस तर दुसऱ्या वर्षापासून डिजिटल पेंटिंग स्वतःहून शिकायला लाग, आणि सुट्टीत एखाद्या ॲनिमेशन स्टुडिओत किंवा सेट डिझाइनवाल्याकडे जाऊन बस, मग चौथं वर्ष संपताना हात रिकामे राहणार नाहीत. पण जागा मिळतेय ती खासगी संस्थेत, आणि तीही लाखांचं कर्ज काढून, असं झालं तर माझा सल्ला बदलतो. मग अप्लाइड घे आणि पुढे इलस्ट्रेशन हा ऐच्छिक विषय धर, म्हणजे माणसं काढणं सुटणार नाही आणि हप्ता सुरू व्हायच्या आधी पगार सुरू व्हायची शक्यता राहील. कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन स्वतःची वाट शोधत बसणं फार जिवावर येतं. माझ्या वर्गातल्या दोघी-तिघींनी त्यापायी कला सोडून भलत्याच नोकऱ्या धरल्या.

पसंतीक्रम भरायच्या आधी दोन-तीन कॉलेजांत प्रत्यक्ष जाऊन ये, बाबांना बरोबर घेऊन. वार्षिक प्रदर्शन तर बहुतेक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होऊन गेलेलं असतं, पण विनंती केली तर शेवटच्या वर्षाचं काम दाखवतात. भिंतीवरच्या बक्षीसपात्र कामापेक्षा वर्गातल्या मधल्या नंबरच्या मुलांचं काम बघ, कारण कॉलेज काय शिकवतं ते तिथे कळतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार की मागच्या बॅचचे लोक सध्या काय करतात. मुलं खरं सांगतात, ऑफिसातली माणसं माहितीपत्रक देतात. शिवाय मॉडेल किती वेळा बसवतात, प्रिंटमेकिंगचा प्रेस चालू आहे का, मातीकामाची भट्टी पेटते का, हे स्वतः बघून घे.

आपल्याकडे शाखा प्रवेशाच्या वेळीच पक्की होते आणि मग बदलून घेणं अवघड असतं. म्हणून नको असलेली शाखा यादीत नुसती भर म्हणून टाकू नकोस. जे.जे. 2023 पासून अभिमत विद्यापीठ झालं आहे, तेव्हा तिथल्या प्रवेशाच्या तारखा आणि नियम त्यांच्याच वेबसाइटवर वेगळे तपास, राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) वेळापत्रकावर विसंबून राहू नकोस. पोर्टफोलिओ कुणाला दाखवायचा असेल तर मला मेसेज कर, मी बघेन.