लग्न न करता ख्रिस्ती माणूस विश्वासात आणि समाधानाने जगू शकतो का?

हो, अगदी जगू शकतो, आणि त्यासाठी आपल्यात काहीतरी कमी आहे असं मानायची अजिबात गरज नाही. बायबलमधलं 1 करिंथ (प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र) अध्याय 7 एकदा सलग वाचा, पौल स्वतः बायकोशिवाय राहत होता आणि वचन 7 मध्ये तो लग्न काय किंवा एकटं राहणं काय, ज्याला जे मिळालं ते देवाचं दान म्हणतो, पुढे 32 ते 35 मध्ये सांगतो की लग्न झालेल्याचं मन दोन्हीकडे ओढलं जातं, एकट्याला प्रभूच्या कामाला मोकळीक असते. येशूनेही लग्न केलं नव्हतं, हे "कधी करतोस लग्न" विचारणारे सोयीस्कर विसरतात. आता मोकळीक आहे म्हणून समाधान आपोआप येत नाही, फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (फिलिप्पै 4:11) पौल "शिकलो आहे" म्हणतो, तेही कैदेत असताना, म्हणजे वेळ लागणारच. सगळ्यात जड जातं ते उपासना संपल्यावर, सगळी कुटुंबं आपापली निघतात आणि आपण बायबल हातात धरून दारात उभे, तर त्या दिवशी कोणाबरोबर जेवायचं ते आधीच ठरवून ठेवा, कोणी बोलावेल म्हणून थांबू नका. फक्त एक, लग्नाची इच्छा असेल तर उगाच "मला एकटं राहायचं दान आहे" असं स्वतःला पटवू नका, संयम जमत नसेल तर लग्न करावं हे 1 करिंथच्या त्याच अध्यायात वचन 9 मध्ये पौलच म्हणतो, आणि कुमारिकांबद्दल बोलताना (वचन 25) ही प्रभूची आज्ञा नाही, माझं मत आहे असंही स्पष्ट सांगतो.