रात्रभर उभा ट्रॅक्टर आणि परतीची नळी

प्रश्न : आमचा जुना ट्रॅक्टर दिवसभर एका सेल्फात उठतो; मात्र सकाळी डिझेलच्या नळ्यांतली हवा काढल्याशिवाय चालू होत नाही. मिस्त्री डिझेल पंप उतरवायला सांगतात. काय करावे?
– एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पंपाला इतक्यात हात लावू नये. इंजेक्टरांकडील (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांकडील) जादा डिझेल टाकीकडे नेणाऱ्या ओव्हरफ्लो म्हणजेच परतीच्या नळीत दाब जेमतेम असतो, त्यामुळे तिच्यातली बारीक फट इंजिन चालू असताना ठिबकेलच असे नाही; परंतु इंजिन थांबले की त्याच फटीतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू मागे उतरते. उन्हाने तडकलेली रबरी नळी आणि बॅन्जो बोल्टखालची (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालची) तांब्याची वायसरे आधी बदलावीत. जुनी वायसरे उलटून बसवणे ही आपल्याकडची खोटी काटकसर होय. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचे) सांधेही तपासावेत, कारण तेथील हवेची लक्षणे अगदी हीच असतात.

एवढ्यावर दोष न सापडल्यास इंजिन मंद गतीवर ठेवून प्रत्येक इंजेक्टरचे परतीचे डिझेल वेगळ्या बाटलीत धरावे. एखादी बाटली इतरांहून बरीच लवकर भरली, तर त्या इंजेक्टरचे नोझल (फवारणीचे तोंड) झिजलेले समजावे व तेवढाच इंजेक्टर तपासणीस द्यावा.