वाचकांचे प्रश्न : घरी तयार करायचा पॉवर सप्लाय

प्रश्न : मी फावल्या वेळात लहान लहान सर्किट जोडून पाहतो. आजवर बॅटरी आणि मोबाइलच्या चार्जरवर काम भागले. आता 0 ते 30 व्होल्ट आणि 3 अँपिअर देणारा पॉवर सप्लाय स्वतः तयार करावा, असे वाटते. 30 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, मोठा कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा एलएम317 हा आयसी असा आराखडा मनात आहे. सुटे भाग आणण्यापूर्वी काय काय ठरवून घ्यावे?

उत्तर : भाग आणण्याआधीच विचारलेत हे फार चांगले झाले, कारण हा आराखडा आहे तसा चालणार नाही. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले 30 व्होल्ट हे एसीचे परिणामी मूल्य, म्हणजे एक प्रकारची सरासरी असते. रेक्टिफायरनंतर कपॅसिटर त्याच्या शिखरापर्यंत, म्हणजे 40 व्होल्टच्याही वर भरतो, आणि भार नसताना आणखी चढतो. एलएम317 च्या इनपुट आणि आउटपुटमधला फरक 40 व्होल्टच्या पुढे जाता कामा नये, आणि आउटपुटच्या तारा चुकून एकमेकींना टेकल्या की सगळा व्होल्टेज त्याच्यावरच येतो. शिवाय त्याची क्षमता 1.5 अँपिअरची आहे, आणि साध्या जोडणीत तो 1.25 व्होल्टच्या खाली उतरत नाही. म्हणजे आपल्याला हवे असलेले 3 अँपिअरही मिळत नाहीत आणि शून्यही मिळत नाही.

यापेक्षा मोठा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि माझ्या मते अशा कोणत्याही सप्लायचे नियोजन तिथूनच सुरू व्हायला हवे. या पद्धतीच्या सप्लायमध्ये वापरला न गेलेला प्रत्येक व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतो. कपॅसिटरवर भार असताना 38 व्होल्ट आहेत आणि आपण 5 व्होल्टवर 3 अँपिअर घेत आहात, असे धरा : सर्किटला 15 वॅट मिळतात आणि करंट वाहून नेणाऱ्या ट्रान्झिस्टरला जवळजवळ 100 वॅट सोसावे लागतात. 2एन3055 या जुन्या, दणकट ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकात 115 वॅट असा आकडा दिसतो. पण तो ट्रान्झिस्टरचे बाह्य आवरण 25 अंश सेल्सिअसवर राखता आले तरचा आहे. आवरण 100 अंशांपर्यंत तापले की तोच आकडा 65 वॅटच्या आसपास येतो. मग दोन-तीन ट्रान्झिस्टर, भले मोठे हीट सिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग), पंखा आणि या सर्वांना सामावणारी पेटी, असा पसारा वाढत जातो. आणि हे सगळे अशा 30 व्होल्टसाठी, जे आपल्याला क्वचितच लागणार आहेत.

म्हणून आधी एका कागदावर आपण आजवर जोडलेल्या सर्किटांना किती व्होल्ट आणि किती करंट लागला, ते लिहून काढा. बहुतेकांच्या यादीत 3.3, 5, 9 आणि 12 व्होल्ट येतात आणि करंट काहीशे मिलिअँपिअरपुढे जात नाही. तसे असेल, तर पहिल्या सप्लायला 15 व्होल्ट आणि 1 अँपिअर भरपूर झाले.

एवढ्यासाठी ट्रान्सफॉर्मरऐवजी जुन्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चांगल्या स्थितीतला चार्जर घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. घरातल्या विजेच्या तारांना हात लावण्याची वेळच येत नाही. वरचे 4 व्होल्ट ट्रान्झिस्टर आणि त्याच्या आधीच्या टप्प्यासाठी पुरतात. आउटपुट शॉर्ट झाले तरी उष्णता 19 वॅटच्या आसपास राहते, आणि ती एक 2एन3055 मध्यम आकाराच्या हीट सिंकवर सहज पेलतो. या ट्रान्झिस्टरचे धातूचे आवरण म्हणजेच त्याचा कलेक्टर असतो. त्यामुळे मधे अभ्रकाची चकती आणि स्क्रूंना इन्सुलेटिंग वॉशर लावून, आवरण व हीट सिंक यांच्यात विजेचा संपर्क होत नाही ना, हे वीज जोडण्यापूर्वी मीटरने पाहा.

नियंत्रणासाठी एलएम358 हा दोन ऑप-अँप (दोन व्होल्टेजमधला फरक वाढवून दाखवणारे सर्किट) असलेला आयसी योग्य ठरतो, कारण त्याचे इनपुट ऋण टोकापर्यंत काम करते. एक ऑप-अँप व्होल्टेज पाहील आणि दुसरा 0.5 ओहमच्या रेझिस्टरवरून करंट. दोघेही डायोडमधून ट्रान्झिस्टरचा बेस, म्हणजे त्याचे नियंत्रण करणारे टोक, खाली ओढतील, म्हणजे जो कमी मागतो त्याचे चालेल. 1 अँपिअरला त्या रेझिस्टरमध्ये अर्धाच वॅट जातो, तरी तो 2 वॅटचा घ्यावा, म्हणजे तापून त्याचे मूल्य सरकत नाही.

खर्च वाचवण्याच्या नादात करंटची ही मर्यादा वगळू नका; नव्या सर्किटमध्ये आयसी उलटा बसला, तर त्याला वाचवणारी गोष्ट हीच आहे. मात्र इथे एक बारीक मुद्दा निसटतो. व्होल्टेज स्थिर राहावा म्हणून अनेक जण आउटपुटवर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. आता सप्लाय 12 व्होल्टवर आणि मर्यादा 20 मिलिअँपिअरवर ठेवून एखादा एलईडी थेट जोडला, तर कपॅसिटरमध्ये साठलेला सगळा चार्ज त्यातून एकदम वाहतो आणि मर्यादा लागू होण्याआधीच एलईडी जळतो, कारण कपॅसिटर हा नियंत्रणाच्या पुढे बसलेला असतो. तिथे 10 ते 47 मायक्रोफॅरड ठेवावेत. तेवढ्यावर सप्लाय स्थिर राहत नसेल, तर दोष ऑप-अँपच्या जोडणीत शोधावा, कपॅसिटर वाढवू नये.

नियंत्रणाचा भाग ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचण्याच्या पट्टीवर, तपासता येतो. 1 अँपिअरचा मार्ग मात्र पहिल्यापासून जाड तारेने सोल्डर करावा. ब्रेडबोर्डच्या पट्ट्या एवढ्या करंटला तापतात आणि मापे फसवी येतात.

प्रश्न : ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर तपासण्यासाठी असा सप्लाय हवा आहे. चार्जरचा आवाज त्यात येईल का?

उत्तर : येऊ शकतो. चार्जर उच्च वारंवारतेवर काम करतो आणि त्याचा थोडा अंश बाहेर येतोच. काही चार्जरांचे ऋण टोक अर्थला जोडलेले असते, त्यामुळे दुसऱ्या अर्थ असलेल्या उपकरणाशी जोडताना गुणगुण ऐकू येते. आपल्यासाठी 18 व्होल्ट, 2 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर बरा. 4700 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर 1 अँपिअरला सुमारे 2 व्होल्टचा चढउतार राहतो, तो पुढचे नियंत्रण सांभाळते. प्रायमरीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या घरातल्या विजेकडच्या बाजूला, फ्यूज आणि धातूच्या पेटीला अर्थ अनिवार्य समजा. विजेच्या जोडणीचा सराव नसेल, तर तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या.