युनियन लावल्यावर बेरीज कमी का येते?

तुमची रोख विक्री आणि उधार विक्री अशी दोन टेबलं आहेत, दोन्ही SQL क्वेरींचा (म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा) रिझल्ट एकाखाली एक पाहिजे, आणि युनियन लावलं की महिन्याची बेरीज कमी भरतेय, बरोबर ना? युनियनच्या जागी युनियन ऑल टाका, जुळेल.

होतं काय, नुसतं युनियन तंतोतंत सारख्या ओळींमधली एकच ठेवतं, युनियन ऑल सगळ्या ठेवतं. तुम्ही फक्त तारीख आणि रक्कम घेताय, मग 12 तारखेला दोन गिऱ्हाईकांनी 500-500 चा माल नेला असेल तर त्यातले 500 गेलेच, एरर वगैरे काही येत नाही.

मी एका गावच्या दूध डेअरीचं बिलिंग करून दिलं होतं तेव्हा हेच झालं. सकाळचं संकलन एका टेबलात, संध्याकाळचं दुसऱ्या, आणि मी सभासद क्रमांक, तारीख, लिटर, फॅट एवढेच कॉलम घेऊन युनियन केलं. एका सभासदाचं एकाच दिवशी दोन्ही वेळचं दूध 6 लिटर आणि फॅटही 3.8 च लागली, मग काय, एक ओळ गायब आणि दहा दिवसांच्या बिलात त्याचं 6 लिटर दूध कमी. तो रोजच्या पावत्या पिशवीत घालून घेऊन आला म्हणून कळलं, मला फार वाईट वाटलं, कष्टाचे पैसे असतात हो ते. तेव्हापासून आधी युनियन ऑलच लिहितो, डुप्लिकेट खरंच काढायचे असतील तरच नुसतं युनियन. डुप्लिकेट शोधायचं डेटाबेसचं कामही वाचतं.

अजून एक, कॉलम नावाने नाही, जागेने जुळतात. एकीकडे लिटर, फॅट आणि दुसरीकडे फॅट, लिटर लिहिलंत तर दोन्ही आकडेच, त्यामुळे क्वेरी बिनबोभाट चालते आणि 3.8 लिटर दुधाला 6 फॅट दिसते. ऑर्डर बाय, म्हणजे ओळी क्रमाने लावणं, शेवटी एकदाच. आणि पहिल्या सिलेक्टमध्ये (म्हणजे पहिल्या क्वेरीत) 'रोख', दुसऱ्यात 'उधार' असा एक कॉलम हाताने घाला, कुठली ओळ कुठून आली ते दिसतं. पण तो घातला म्हणून ऑल काढू नका, एकट्या रोखीतही दोन सारख्या ओळी असू शकतात.

गिऱ्हाईकवार रोख आणि उधार शेजारीशेजारी पाहिजे असेल तर मात्र जॉइन, म्हणजे टेबलं आडवी जोडणं, लागेल, तेव्हा दोन्ही टेबलांची आधी वेगवेगळी ग्रुप बाय करून (एकेका गिऱ्हाईकाच्या ओळी एकत्र करून) बेरीज काढा आणि मग गिऱ्हाईकांच्या टेबलाला लेफ्ट जॉइन करा, म्हणजे ज्याची रोख किंवा उधार नाही तो गिऱ्हाईकही यादीत राहतो. थेट जोडलंत तर रोखीच्या 3 आणि उधारीच्या 4 ओळींच्या 12 होतात आणि रोख चौपट दिसते.